उंदराचा वाटा

प्रेमा,

धालो संपले त्याला आज तीन आठवडे झाले. वाड्यावरच्या बायका पौषातल्या रात्री मांडावर, धालोच्या अंगणात, नाचल्या, गायल्या. मी घरातच बसून ऐकलं. रांगेत तुझ्या जागी कोण उभी राहिली ते बघायला मला जायचं नव्हतं. पण धालो सरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि पाय आपसूक मागच्या पडवीकडे वळले. तुझं पंचांग मला पाठ आहे. धालो सरले की काकडीचं बी भिजत घालायचं, शिगम्याला फूल, पाडव्याला काकडी. अडतीस वर्षांत ते कधी चुकलं नाही. तू गेलीस म्हणून यंदा चुकू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

पडवीत जाऊन बघतो तर भिंत पांढरीशुभ्र. मी खुळ्यासारखा तिच्याकडे बघत उभा. मग डोक्यात उजेड पडला आणि मटकन न्हाणीच्या पायरीवर बसलो. प्रेमा, तुझं बी मी खरवडून टाकलं.

कसं ते सांगतो. त्या भिंतीवरून आपण दोघं किती भांडलो, आठवतं ना? दर वैशाखात तू वेलावरची सगळ्यात देखणी काकडी पिवळीजर्द होईपर्यंत राखायचीस. तिचं बी राखेत घोळायचीस, आणि ताज्या शेणाच्या वाटीएवढ्या चकतीत पाच-पाच बिया दाबून ती चकती भिंतीला थापायचीस. स्टुलावर चढून, अगदी वाशांच्या खाली, कारण न्हाणीच्या चुलीचा धूर तिथून जातो आणि धुराला कीड येत नाही. मोरजीच्या वाळूतली ती काकडी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आलीस ती तिचं बी पदराच्या गाठीत घेऊन. आणि मी कोण? डिचोलीच्या बाजारात बी-बियाण्यांचं, खताचं दुकान घालून बसलेला माणूस. माझ्या मेजावर रंगीत चित्रांची पाकिटं, आणि माझ्याच घराच्या भिंतीवर शेण. येणारा-जाणारा बघायचा आणि माझी मान खाली जायची. मी म्हणायचो, पाहुण्यांसमोर लाज काढतेस. तू स्टुलावरूनच उत्तर द्यायचीस, "पावणे चाय पिऊक येतत, वणत बघूक न्हय." भिंतीला तू वणतच म्हणायचीस.

तुझ्या बाराव्याला माणसं यायची होती. घर साफ करायला दोघे रंगारी बोलावले. त्यांतल्या एकाने पडवीतून हाक मारली, काका, भिंतीवर शेण चिकटलंय, काढायचं काय? मी म्हटलं, काढ सगळं, दोन हात मार. आणखी एक गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. तसं म्हणताना मला घटकाभर बरं वाटलं होतं. अडतीस वर्षांचा वाद जिंकल्यासारखं. वाद घालणारी नाही, आणि हा आपला भिंत जिंकतोय.

रंगाऱ्याला फोन केला. खरवडलेलं सगळं पाचोळ्याबरोबर गायरीच्या, शेणखताच्या खड्ड्याच्या, कडेला जाळलं म्हणाला. मी पंचा गुंडाळला, तुझी तांदळाची चाळण घेतली आणि त्या राखेत बसलो. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, काका, काय हरवलं? मी म्हटलं, चावी. दुपारपर्यंत चाळत होतो. तेरा बिया सापडल्या. काही अर्धवट भाजलेल्या, काहींना चुना लागलेला. तरी जीव सुपाएवढा झाला.

तू करायचीस तसं सगळं केलं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी तुझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा भिजवून पिळला, त्यात बांधल्या, आणि ती पुरचुंडी न्हाणीतल्या भाणाच्या, पाणी तापवायच्या हंड्याच्या मागे, उबेला ठेवली. माघात आपल्याकडे सकाळी गारठा असतो, उबेशिवाय काकडीचं बी डोळा उघडत नाही, हे तूच शिकवलंस. म्हणजे मला नव्हे, तू सगळ्यांना सांगायचीस आणि मी पेपर वाचत ऐकायचो. दोन दिवसांत कोंब यायला हवा. तिसऱ्या दिवशी सोडून बघितलं, काही नाही. पाचव्या दिवशी वास आला. बोटाने दाबलं तर बी पिचकन फुटलं. तेराच्या तेरा कुजल्या.

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुजाताचा फोन आला तेव्हा लेकीजवळ मनातलं बोलून गेलो. तिचंही बरोबर होतं. म्हणाली, बाबा, आईसाठी काकडी लावायची ना, मग दुकानातलं पाकीट फोडा आणि लावा, आई काही रागावणार नाही. दुकानात गेलो. पाकीट हातात घेतलं. चित्रात हिरवीगार लांबलचक काकडी. तिघांना मी ते पाकीट त्याच सकाळी विकलं होतं. लावलं असतं तर तुझ्या आळ्यांत वेल आले असते, शिगम्याला फूल आलं असतं, वाड्यावर कोणाला पत्ता लागला नसता. पण मला माहीत होतं ना. परत जागेवर ठेवलं.

मोरजीला तरी मिळेल म्हणून तुझ्या भावाला फोन लावला. आईच्या मळ्यात आता पाहुण्यांच्या खोल्या आहेत, भावोजी, म्हणाला, मिरचीचं झाडसुद्धा उरलं नाही. तो रडला फोनवर. म्हणजे ते बी जगात दोनच ठिकाणी असायचं, एक तुझी भिंत, आणि दुसरं ठिकाण फक्त मला ठाऊक होतं.

आता ते सांगायची वेळ आली. तुझ्यासमोर हे बोलायला मला इतक्या वर्षांत जमलं नाही, आता फोटोसमोर बसून बोलतोय.

आठवतं, एके वर्षी तू तावातावाने पडवीतून आलीस? वाशांखालच्या एका चकतीचा अर्धा भाग मोडला होता, बिया गायब. "उंदीर पडलो आसा," तू म्हणालीस. मी लगेच दुकानातून सापळा आणला. खोबऱ्याचा तुकडा लावून भिंतीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या गंभीर तोंडाने बघायला गेलो, उंदीर सापडला नव्हता. कसा सापडणार? उंदीर मीच होतो.

झालं असं होतं. मारुती म्हणून एक जण. चंदगडकडचा, इथल्या कारखान्यात कामाला, कारापूरला भाड्याच्या खोलीत राहतो. खोलीमागे पाण्याच्या टाकीजवळ हातभर जागा, तिथे बायको भाजी लावते म्हणाला. मी त्याला काकडीचं पाकीट दिलं. पंधरा दिवसांनी तो दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, काका, एक बी उगवलं नाही. चूक माझीच होती. गेल्या सालचं पाकीट, वर पत्र्याखाली फळीवर सबंध उन्हाळा भाजलेलं. पण चार लोकांसमोर कबूल कसं करायचं? म्हटलं, उद्या ये, तुला खास बी देतो, ते पाकिटात मिळत नाही. आणि संध्याकाळी घरी येऊन तुझी चकती मोडली. कागदाच्या पुडीत बांधून त्याला दिलं. उगवलं. नुसतं उगवलं नाही, फोफावलं. तो येऊन सांगायचा, काका, तुमचं बी लई भारी, आणि मी मिशीवर ताव द्यायचो.

मग सवयच लागली. ज्याचं पाकीट फसलं त्याला तुझं बी. दर वर्षी एक चकती. एका बाजूला तुला म्हणायचो, तुझ्या त्या गावठी बियांना काय अर्थ आहे, जमाना कुठे चाललाय. आणि दुसऱ्या बाजूला त्याच गावठी बियांवर दुकानाची अब्रू राखायचो. तू दर वर्षी म्हणायचीस, उंदीर आला. मी दर वर्षी सापळा लावायचो.

तुझा एक नियम होता. बी विकायचं नाही. ज्याला हवं त्याने तोंड उघडून मागावं, आणि पहिलं फळ आणून द्यावं. "चोरलेला बी रुजत नाय," तू म्हणायचीस. ते ऐकून मी मनात हसायचो. कारापूरला जाऊन बघ म्हणावं, कसं रुजलंय ते.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. बाकी सगळ्या चकत्या तू वाशांखाली थापायचीस, उंदीर-कोंबडी पोचू नये म्हणून. आणि त्या पहिल्या उंदरानंतर दर वर्षी एकच दाराजवळ, कमरेच्या उंचीला. त्याच वर्षी स्कूटरवरून पडलो तेव्हापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती एक चकती नसती तर पुढे मला चोरी जमलीच नसती. मी म्हणायचो, ही बाई एवढी हुशार, आणि उंदराच्या तोंडासमोर बी ठेवते.

तर मारुतीकडे जायला हवं होतं. तीन दिवस टाळलं. आधी दुसऱ्या दोघांकडे गेलो, ज्यांना मी तुझं बी दिलं होतं. एकाने सांगितलं, काकडी गोड होती म्हणून सगळ्याच खाल्ल्या, बी कोण ठेवतो? दुसरा म्हणाला, आता बाजारातूनच आणतो, कटकट नको. मारुतीकडे जायची लाज वाटत होती कारण तिथे मागावं लागणार. मी, दुकानदार, ज्याने त्याला खास बी म्हणून ऐटीत पुडी दिली, तो आता हात पसरणार. आणि नुसतं मागून चालणार नव्हतं, ते बी कोणाचं होतं हेही सांगणं आलं. पण माघ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. पंधरा दिवस उशीर झाला तर वेलाला ऐन कळी धरताना ऊन लागतं. मग एका रविवारी सकाळी पोदेराकडून पाव घेतले, पिशवीत घातले आणि कारापूरची बस पकडली. रिकाम्या हाताने बी मागायला जाऊ नये, हेही तुझंच.

मारुती कामावर होता, रविवारची जादा पाळी. त्याची बायको शेवंता टाकीजवळ बसून भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, या काका, काकींचं कळलं आमाला, आम्ही येऊन गेलो बाराव्याला, तुमी माणसांत होता. मला आठवलंसुद्धा नाही. तिने खुर्ची आणली, चहा ठेवला. मी पावांची पिशवी दिली आणि बसलो. बसमध्ये सगळं घोकून आलो होतो, पण आधी पावाचा भाव, पाण्याची टाकी असलंच बोलत बसलो.

शेवटी सरळ बोललो. म्हटलं, शेवंता, मला काकडीचं बी हवंय. नऊ-दहा वर्षांमागे मारुतीला जे दिलं होतं ते. ते दुकानाचं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं, मी तिच्या भिंतीवरून तिला न विचारता नेलं होतं. आता ते घरात उरलं नाही. माझ्या हातून गेलं. तुझ्याकडे असेल तर चार बिया दे.

आणि प्रेमा, ती हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. म्हणाली, "काका, काकींना ठाव होतं की."

मी म्हटलं, काय ठाव होतं?

मग तिने सांगितलं. तिच्या गावाकडेही चाल आहे, ज्याच्या घरचं बी त्याच्या घरी पहिलं फळ. पहिल्या वर्षी वेलाला पहिली काकडी लागली तेव्हा ती विचारत विचारत मये गावात आपल्या घरी आली. मी दुकानात होतो. तू दार उघडलंस. तिने काकडी पुढे केली आणि सांगितलं, काकांनी बी दिलं त्याची ही. तू ती काकडी हातात घेऊन उलटीपालटी केलीस, देठाकडल्या पांढऱ्या रेघा बघितल्यास, आणि तिला आत घेतलंस, चहा दिलास, तिच्या ओटीत नारळ घातलास. दर वर्षी ती येत राहिली. टाकीच्या उबेने तिची काकडी आपल्या आधी तयार होते. मला आता आठवतं. दर वर्षी पाडव्याच्या आधी एक काकडी ताटात यायची, चिरून, मीठ लावून. मी विचारायचो, एवढ्यात लागली? तू म्हणायचीस, "लागली. तुमच्या पाकिटातली न्हय ती, गप खावा." आणि मी खायचो.

शेवंता म्हणाली, मीच एकदा काकींना विचारलं, काकांना सांगू काय, मी येते म्हणून? तर काकी म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नको. माझं बी बरं आहे हे त्यांच्या तोंडातनं येणार नाही, हातातनं तरी येतंय." तुझे शब्द तिने तिच्या बोलीत सांगितले, पण आवाज तुझाच होता.

मी म्हटलं, आणखी काय म्हणाली? मला सगळं हवं होतं. ती आढेवेढे घेत होती. मग म्हणाली, काका, रागावू नका. काकी हसून सांगायच्या, आमच्या घरात एक मोठा उंदीर आहे, सापळा पण आपणच लावतो. त्याचा हात वर पोचत नाही, म्हणून त्याच्या वाट्याची एक चकती मी दाराजवळ खाली थापते.

मी हातातला चहा खाली ठेवला. तिथे त्या टाकीजवळ, परक्या बाईसमोर, मी ओक्साबोक्शी रडलो. तुझ्या बाराव्याला इतकी माणसं होती, तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अगे, नऊ-दहा वर्षं! मी चोरतोय असं मला वाटत होतं आणि तू मला वाढत होतीस. म्हणून रुजत होतं ते. चोरलेलं नव्हतंच.

शेवंताने खोलीत जाऊन एक छोटा डबा आणला. भाड्याच्या भिंतीला शेण थापता येत नाही, मालक ओरडतो, म्हणून ती राखेत ठेवते. राख पाखडली, आणि ओंजळभर बी माझ्या पंच्यात बांधलं. मी चार मागितल्या होत्या. म्हणाली, काकींचंच आहे, न्या.

आता ऐक, पुढचं सगळं नीट केलं आहे, काळजी करू नको. वीस बिया भिजवल्या, बाकीच्या राखेत ठेवल्या, कारण एका वेळी सगळं बी मातीत घालू नये. पुरचुंडी भाणामागे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडली तर अठरा बियांना पांढरी नाकं आली होती. मी एकटाच न्हाणीत ओरडलो, शेजारीण धावत आली. करवंट्या जमवल्या. तीन डोळ्यांतला मऊ डोळा खिळ्याने फोडला, पाणी जायला. अर्धी माती, अर्धं जुनं खत, वर चिमूट राख मुंग्यांसाठी. नाक खाली करून, बोटाच्या एका पेराएवढं खोल. पहिल्या चार करवंट्यांत मी नाक वर केलं होतं, रात्री आठवलं, सकाळी उठून पुन्हा सरळ केली. हसू नको. करवंट्या मागच्या खिडकीखाली, सकाळचं ऊन मिळेल अशा मांडल्या आहेत. तिथून कोंबडीला हाकलायला मी खुर्ची टाकून बसतो. दुकान दहाला उघडतं हल्ली. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत.

आज सकाळी अठरातल्या सोळांना दोन-दोन पानं आली आहेत. तिसरं पान आलं की आळ्यांत. आळी खणून ठेवली आहेत, एका हाताने जमतील तशी. तुझ्यासारखी गोल नाहीत. शिगम्याला फूल यायला हवं, येईल. आठ दिवस इकडेतिकडे होतील, पण येईल. पहिली काकडी कारापूरला पोचवायची आहे, या वर्षी बी तिच्या घरचं. दुसरी तुझ्या फोटोपुढे, मीठ लावून.

आणि प्रेमा, तुझं बी माझ्या पाकिटांपेक्षा चांगलं होतं. पहिल्या वर्षापासून मला माहीत होतं. हे एवढं वाक्य मी तुला एकदा जेवताना म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं? तू वाट बघितलीस का त्याची, हे मला कधी कळणार नाही. पण दुकानात येणाऱ्याला मी आता सांगतो. परवाच एकाला म्हटलं, पाकीट नेऊ नको, पाडव्यानंतर घरी ये, माझ्या बायकोचं बी देतो. तो म्हणाला, काका, अशानं धंदा बुडेल. म्हटलं, तू ये तर खरा.

वैशाखात एक काकडी वेलावर पिवळी होऊ देईन. शेण बाल्दीत कालवून चकत्या मीच थापणार, त्याच पांढऱ्या भिंतीवर; पाहुण्यांना दिसल्या तर दिसू देत. सापळा भंगारवाल्याला देऊन टाकला. स्टुलावर मला चढवत नाही आणि हात वर जात नाही, तेव्हा सगळ्या चकत्या खालीच लागतील, दाराजवळ, कोणाच्याही हाताला येतील अशा. मागून नेलं तर बरंच. न मागता कोणी एखादी मोडून नेली, तर सकाळी उठून मी एवढंच म्हणेन, उंदीर आला होता.